ठाऊक असलेला शेवट

ज्या कथेचा शेवट आधीच ठाऊक आहे, ती पुन्हा पाहण्यात माणसाला आनंद का वाटावा? आणि अशा आनंदावर गल्ला भरणाऱ्याने प्रेक्षकाला काही दिले, की त्याची फसवणूक केली? तुर्कस्तानच्या लोकप्रिय विनोदी चित्रपटांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही येथे मांडीत आहोत, कारण तेथे तो फार ठळकपणे दिसतो.

इस्तंबूल शहरात येशिलचाम नावाच्या गल्लीत चित्रपटनिर्मात्यांच्या कचेऱ्या होत्या. त्यावरून साऱ्या तुर्की चित्रपटधंद्यालाच ते नाव पडले. १९७२ च्या सुमारास तेथे वर्षाकाठी तीनशेच्या आसपास चित्रपट निघत. निर्मात्यांजवळ भांडवल थोडे असे. प्रांतोप्रांतीचे वितरक त्यांना आगाऊ हुंड्या देत आणि कोणता नट हवा, कोणत्या धर्तीची कथा हवी, हेही कळवीत. म्हणजे साचा केवळ लेखकाच्या आळसातून जन्मला नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या मागणीतूनही आला होता.

त्याचे मूळ याहूनही जुने आहे. तुर्कस्तानच्या छायानाट्यात अडाणी पण रोखठोक कारागोझ आणि शिकलेला, गोडबोल्या हाजिवात ही जोडी असते. प्रस्तावना, संवाद, मुख्य कथाभाग आणि समाप्ती असे खेळाचे चार भाग ठरलेले. शेवटी झाल्यागेल्या चुकीची क्षमा मागायची, हेही ठरलेले. अशा खेळाला जमणारा प्रेक्षक काय घडणार हे पाहण्यास येत नसे; ठाऊक असलेले आज कसे घडते, हे पाहण्यास येई.

हीच रीत पुढे चित्रपटात उतरली. रिफात इल्गाझ यांच्या कादंबरीवरून एर्तेम एइल्मेझ यांनी १९७५ साली 'हाबाबाम सिनिफी' हा चित्रपट काढला. वर्षानुवर्षे नापास होणारी थोराड मुले, केमाल सुनाल यांनी रंगविलेला भोळा शाबान, मुनीर ओझकुल यांचे कडक महमूद गुरुजी आणि आदिले नाशित यांची, शाळेची घंटा देणारी प्रेमळ हाफिझे आई. १९८१ पर्यंत याच वर्गाचे आणखी पाच चित्रपट निघाले. खोड्या त्याच, शिक्षाही त्याच. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाबानला सारे हसतात, परंतु वर्ग त्याला कधी टाकून देत नाही. ज्या गुरुजींची खोडी काढली जाते, तेच पुढे मुलांना पित्यासारखे होतात.

१९७८ चा 'नेशेली ग्युनलेर' हा चित्रपट तर आमच्या प्रश्नाच्या गाभ्याशीच जातो. लोणचे लिंबाच्या रसात घालावे की शिरक्यात, या वादावरून लोणचीवाले पतिपत्नी विभक्त होतात आणि मुलेही वाटून घेतात. पुढे वाढलेली ती भावंडे एकमेकांना भेटतात आणि आईबापांना एकत्र आणण्याच्या खटपटीला लागतात. ती खटपट सफळ होणार, हे पहिल्या दृश्यापासूनच कळते. तरीही लोक पाहतात. कारण क्षुल्लक कारणावरून तुटलेले घर पुन्हा सांधता येते, हे त्यांना ऐकावयाचे असते.

यावर आक्षेप असा की, हे खोटे सांत्वन आहे. प्रत्यक्षात अबोला दोन तासांत सुटत नाही. आक्षेप खरा आहे. पण आमच्या मते दोष ठाऊक असलेल्या शेवटाचा नाही. साचा हे प्रेक्षकाला दिलेले एक वचन आहे आणि वचन पाळणे हा काही अपराध नव्हे. पाहावयाचे ते एवढेच की, ज्याला हसलो त्याला त्या शेवटात जागा आहे की नाही.

या कसोटीवर अलीकडचा साचा पाहावा. २००८ पासून शाहान गोकबाकार यांनी रंगविलेल्या 'रेजेप इवेदिक' या उद्धट, गावंढळ माणसाचे चित्रपट निघत आले. त्यांतील २०१७ चा पाचवा चित्रपट तुर्कस्तानात ७० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. प्रतिष्ठितांच्या दिखाऊ शिष्टाचाराची तो टर उडवितो, हे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु ज्यांचा तो पाणउतारा करतो, ती माणसे बहुधा प्रसंग संपताच कथेतून नाहीशी होतात. हशा राहतो, माणूस राहत नाही. दोन्ही साचे सारखेच ठराविक. पण एक अपमानित माणसाला परत घरात घेतो, दुसरा त्याला दाराबाहेरच ठेवतो.

चांगल्या साच्यातही एक धोका उरतोच. पडद्यावरचा समेट पाहून डोळे ओले झाले की आपलेही काही देणे फिटले, असे मनाला वाटू लागते. बांधाच्या हातभर जमिनीवरून वा लग्नातील मानपानावरून सख्ख्या भावांची दारे वर्षानुवर्षे बंद असलेली घरे सर्वांच्याच परिचयाची असतात. तेथे शेवट कोणी लिहून ठेवलेला नसतो. दोघांपैकी एकाला आधी उठून दुसऱ्याच्या दाराशी जावे लागते, आणि दार उघडेल याची त्याला हमी नसते. असे चित्रपट आनंदाने पाहावेत. मात्र ते पाहून झाल्यावर आपल्याकडून कोणाकडे जावयाचे राहिले आहे, हेही मनाशी आठवून पाहावे.