समुद्र नद्यांना नाही म्हणत नाही

आजचा श्लोक गीता २.७०. नद्या येतच राहतात, समुद्र मात्र ढळत नाही. कामनांचंही तसंच ज्याच्याकडे होतं, त्याला शांती. मग ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडून, कुडाळला उतरून मालवण गाठायची आपली ओढ? तीही कामनाच ना!

मालवणसमोर कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्याच्या तटाबाहेर इवलीशी पुळण आहे, 'राणीची वेळा'. (संस्कृतात वेला म्हणजे किनारा, आणि वेळसुद्धा.)

श्लोक नद्या अडवा म्हणत नाही, असं मला वाटतं. वाळूत खुशाल बसा, डोळे भरून बघा. खरी परीक्षा होडीवाल्याने हाक मारल्यावर. तेव्हा आपण उठतो, की 'एकच फोटो' म्हणत बाकीच्यांना उन्हात ताटकळत ठेवतो?