‘पण’ गाळल्यावर

स्पर्धा परीक्षेच्या एका सराव पुस्तकात नुकताच एक तक्ता पाहिला. डावीकडे इंग्रजी शब्द: अँड, बट, ऑल्दो, येट. उजवीकडे सगळ्यांना मिळून एकच चिन्ह. खाली सूचना, की तर्काच्या दृष्टीने या शब्दांचा अर्थ एकच. ही सूचना चूक आहे. ती पाठ केलेली मुलं उद्या वादात समोरच्याचं बोलणं ‘लॉजिकली’ तपासायला निघतात, म्हणून गप्प बसवत नाही.

‘रस्ता चांगला आहे, पण एसटी येत नाही.’ ‘एसटी येत नाही, पण रस्ता चांगला आहे.’ खरं-खोटं मांडणाऱ्या सत्यता कोष्टकात ही दोन वाक्यं एकच. ग्रामसभेत मात्र पहिलं वाक्य गावकरी बोलतो आणि दुसरं त्याची समजूत घालणारा.

बोलण्यातले असे जोडशब्द तर्कात कसे बसवायचे, हा प्रश्न जुना आहे. जर-तर वाक्य खोटं कधी म्हणायचं, हा वाद ग्रीक फिलो आणि डायोडोरस यांच्यापासूनचा. पुढे स्टोइक तत्त्वज्ञ आले, १८५४ साली गणितज्ञ बूलने तर्काचं बीजगणित मांडलं. इथवरच्या इतिहासाबद्दल फारसं भांडण नाही. भांडण आहे ते १८७९चं. त्या वर्षी येना विद्यापीठातल्या फ्रेगेची ‘बेग्रिफश्रिफ्ट’, म्हणजे संकल्पनालिपी, प्रसिद्ध झाली आणि बोलीतली वाक्यं चिन्हांत उतरवायची विद्या तिथून सुरू झाली, असं सर्रास शिकवलं जातं.

पुस्तक उघडून पाहावं. प्रस्तावनेत फ्रेगे रोजच्या भाषेला डोळ्याची उपमा देतो आणि आपल्या लिपीला सूक्ष्मदर्शकाची. डोळा कुठेही कामाला येतो; सूक्ष्मदर्शक एका ठरावीक कामात अचूक आणि इतरत्र निरुपयोगी. त्याचं ठरावीक काम होतं अंकगणिताच्या सिद्धता, जिथे एकही पायरी गृहीत धरलेली चालणार नव्हती. त्यासाठी त्याने भाषेतलं बरंच काही बाजूला ठेवलं, पण प्रत्येक वेळी तसं सांगून. जर्मन ‘वेन’मध्ये, म्हणजे आपल्या ‘जर’मध्ये, असणारा कार्यकारणाचा धागा माझ्या चिन्हात येत नाही, असं तो लिहितो. ‘उंड’ आणि ‘आबर’, म्हणजे ‘आणि’ व ‘पण’, यांतला फरकही येत नाही, असंही लिहितो. एवढ्यावर न थांबता ‘पण’ काय करतो तेही नोंदवतो: ऐकणाऱ्याची जी अपेक्षा असते, तिच्यापेक्षा पुढचं वेगळं आहे, असं तो शब्द सुचवतो. फरक नाही, असं तो कुठेही म्हणत नाही. आपल्या तक्त्यांनी त्याची गाळणी घेतली आणि गाळलेल्याची नोंद टाकून दिली.

त्या नोंदीची गरज पुढेही भासली. १९५२ साली ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञ स्ट्रॉसनने इंग्रजी ‘इफ’ आणि तर्कशास्त्रातलं ‘जर-तर’चं चिन्ह, म्हणजे बाण, यांत अंतर आहे, असा आक्षेप घेतला. १९६७ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत तत्त्वज्ञ ग्राइसने बाणाची बाजू घेतली. पण उरलेला अर्थ संभाषणातून कसा निघतो, हे सांगायला त्याला एक अख्खी उपपत्ती उभारावी लागली. उरलेलं काहीच नसतं, तर तिची गरज काय होती?

आई म्हणते, ‘अभ्यास झाला तर खेळायला जा.’ मूल समजतं, की झाला नाही तर जायचं नाही. सराव पुस्तक याला तर्कदोष म्हणतं. बाणापुरतं ते खरं आहे. पण आईचं म्हणणं मुलालाच नीट कळलेलं आहे.

महाराष्ट्रात बारावीच्या गणितात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. ते शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वाक्याची चिन्हं लिहून झाली, की मुलांकडून त्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्या: या वाक्यातलं काय चिन्हांत आलं नाही? त्या ओळीलाही गुण द्या.