निसरडी पायरी
नेमावरच्या नर्मदाघाटावर पाण्याखालच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर धरतो. तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. कर्करोगानंतर बसविलेल्या कृत्रिम स्तनावरही त्वचेवरचे एरवी निरुपद्रवी असणारे जिवाणू असाच चिकट थर विणून त्यात दडतात. तेथे प्रतिजैविके फिकी पडतात. भोवतीचे वेष्टन आवळते, वेदना होतात, कधी रोपण काढावेच लागते. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची रोपणे एका दुर्मीळ लिम्फोमाच्या धोक्यामुळे जगभरातून परत घेतली. त्या व्याधीत जिवाणूंचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मग घाबरेल म्हणून रुग्णेला हे न सांगणे, ही करुणा म्हणावी काय? नव्हे. निसरडी पायरी दाखविणारा स्नानास आलेलीला अडवीत नाही. पाऊल टाकावे की नाही, हे तिचे तिला ठरवू देतो.