मृताचे वकीलपत्र

बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्यावरील स्मृतिलेखाचा कच्चा खर्डा मी काकांना वाचून दाखविला, तेव्हा उभी हयात दिवाणी अदालतीत घालविलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी पहिली हरकत घेतली ती तंट्याच्या मजकुरावर.

"ब्रेबोर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, सामने भरविणार मुंबईची क्रिकेट संघटना, आणि तिकिटांच्या वाटणीवरून दोघांत कायमचा बेबनाव, अशा वेळी विधानसभेचे अध्यक्ष असलेल्या वानखेड्यांनी आमदारांच्या सामन्यासाठी मैदान मागितले, क्लबच्या विजय मर्चंटांनी ते नाकारले, आणि त्या नकारातून नवे स्टेडियम उभे राहिले, ही सांगितली जाणारी हकीकत तू सविस्तर लिहिली आहेस. पण स्मृतिलेख हे मृताचे वकीलपत्र असते. त्यात अशिलाचे भांडण कशाला उकरायचे?"

"काका, अशील वारला की वकीलपत्रही संपते, हा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला नियम आपणच मला शिकविलात. आणि तंटाच गाळला, तर ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे प्रचंड मैदान सुमारे तेरा महिन्यांत उभारण्याची निकड का पडली, हे वाचकाला उमगावे कसे? 1975 च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा काढल्या, एवढीच कोरडी नोंद उरेल."

"मग मर्चंटही कैफियत द्यायला हयात नाहीत. मैदान क्लबच्या मालकीचे होते. आपल्या संस्थेचा हक्क राखणाऱ्याला दोषी ठरवून अशिलाचे मोठेपण सिद्ध करणे हा न्याय नव्हे."

"तीही बाजू लिहीन."

"आणि हे शेवटी काय? 'ते अत्यंत कुटुंबवत्सल होते.' पुरावा?"

"सगळे म्हणतात."

"म्हणजे ऐकीव."

येथे मात्र मला माघार घ्यावीशी वाटेना. ज्याचे नाव त्या नव्या स्टेडियमला दिले गेले, त्याचे घर लेखातून वगळले, तर त्याला घरच नव्हते असा समज होतो. आणि माहिती नसताना ते रंगविले, तर परक्याच्या माजघरात आगंतुकाने शिरल्यासारखे होते. मी तसे बोलून दाखविले.

"खरा पेच हाच," काका म्हणाले. "कोर्टातले काम दप्तरात राहते, मैदानावरचे धावफलकावर. पण कसोटीचे धावते वर्णन ऐकताना उपाहाराची सुट्टी झाली, की रेडिओ बारीक करून मी तुमच्या गणिताच्या वह्या तपासायला घेत असे, तांबड्या पेन्सिलीने, उत्तर चुकले तर पायरीपायरीने. हे तुझ्या काकूवाचून आणि तुम्हा मुलांवाचून कोण सांगणार? साक्षीदार घरातलाच हवा."

'कुटुंबवत्सल'चे ते वाक्य मी खोडले. तंटा मात्र दोन्ही पक्षांच्या बाजूंसह ठेवला. ज्यांच्या घरी असे खेळवेडे वकील नांदून गेले, त्यांनी आपली साक्ष आठवण ताजी आहे तोवर स्वहस्ते लिहून ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.