गांडुळाच्याही देवा

हे गांडुळाच्याही देवा,

ज्याला तू डोळे दिले नाहीस, कान दिले नाहीत, हातपाय तर नाहीतच, त्यालाही जगण्यापुरते जाणतेपण द्यायला तू विसरला नाहीस. त्या जाणतेपणाला नमस्कार करून आज तुझ्याकडे मागायला आलो आहे.

इंग्लंडातल्या डाउन गावी चार्ल्स डार्विनने घरात कुंड्या ठेवून या जीवाची परीक्षा घेतली. पियानो वाजवला, बासून वाजवला. गांडुळांना पत्ता नाही. कुंड्या पियानोवरच ठेवून सूर छेडला, तशी ती झटकन बिळात शिरली. हवेतला नाद ज्यांना कळला नाही, त्यांना मातीतली थरथर अंगभर कळली. बिळाचे तोंड बुजवायला त्यांनी कागदाचे ३०३ त्रिकोण ओढून नेले. त्यांतले ६२ टक्के निमुळत्या टोकाने, म्हणजे सहज आत जातील असे. आकार त्यांनी पाहिला नाही, चाचपून ओळखला. हे सारे डार्विनने १८८१ साली पुस्तकात लिहिले आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

त्याच गावच्या एका शेतात १८४२ साली खडूचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी चर खणला, तर ते ७ इंच खाली गेलेले. गांडुळांनी पोटातून काढून वर टाकलेली माती त्यांच्यावर साचली होती. माती गांडुळाला पोसते आणि गांडूळ मातीला घडवते. यात आधी कोण, हा हिशेब तुझा तूच ठेव.

मला देहावेगळी बुद्धी नको, देवा. पिठात पाणी किती हवे ते बोटांना आधी कळते. अंधारातला उंबरा पावलांना ठाऊक असतो. या बोटापावलांच्या शहाणपणाचा मान माझ्याकडून राखला जाऊ दे. उद्या नजर मंदावेल, कान दगा देतील. तेव्हा उरल्या अंगाने जगाशी बोलणे चालू राहू दे.

पांढऱ्या काठीच्या टोकाने जो रस्ता ओळखतो, हातांच्या खुणांनी जो बोलतो, त्याचे जग उणे आहे असे मला वाटू देऊ नकोस. त्याला मोकळेपणी वावरता येईल असे रस्ते आणि अशा शाळा आमच्या हातून घडव.

ज्या हवेवर, पाण्यावर आणि मातीवर माझी मती चालते, त्यांत विष कालवू लागलो, तर माझा हात धर. तिथे बिघडले की माझ्या आतही बिघडते, हे मला वेळेवर उमजू दे.

आणि जिने मला वाढवले ती जमीन, मी निघेन तेव्हा, बोटभर का होईना, अधिक कसदार असू दे. गांडुळाला जे साधते, ते मलाही साधू दे.