धातू डीएनएला धरतो, पुढे काय?

तांब्याचं, कोबाल्टचं किंवा रुथेनियमचं नवं कॉम्प्लेक्स बनवायचं, वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या डीएनएच्या द्रावणात ते मिसळायचं, बंधन किती घट्ट ते सांगणारा स्थिरांक काढायचा आणि शेवटच्या परिच्छेदात लिहायचं की हे संयुग कर्करोगावरचं औषध ठरू शकेल. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांचा हाच साचा झाला आहे. मोजमापं प्रामाणिक असतात, पण निष्कर्ष त्यांतून निघत नाही. याची खंत फारशी कुणाला वाटत नाही, याचं मला दुःख आहे.

सगळे दाखला देतात तो सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधाचा. १९६५ मध्ये रोझेनबर्ग या संशोधकाच्या प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांजवळ जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण या औषधाची खरी परीक्षा कुठे होते ते पाहायचं तर लंडनच्या वायव्येला स्टॅनमोरला जावं. तिथल्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात ऑस्टिओसार्कोमाच्या, म्हणजे हाडाच्या एका कर्करोगाच्या, शस्त्रक्रिया होतात. रुग्णांत किशोरवयीन मुलं-मुली बरीच. आधी मध्य लंडनमध्ये सिसप्लॅटिनसह केमोथेरपी, मग स्टॅनमोरला गाठीसकट हाड काढून धातूचा सांधा. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर बाहेरून चुंबकीय क्षेत्र देऊन लांब करता येणारे सांधे आहेत. केमोथेरपीच्या आधीच्या काळात पाय कापूनही बहुतेक मुलं वाचत नसत. आपल्याकडेही परळच्या टाटा रुग्णालयानं याच रोगावरच्या आपल्या ओजीएस-१२ उपचारक्रमातून मेथोट्रेक्सेट हे औषध वगळलं, सिसप्लॅटिन ठेवलं.

काढलेल्या हाडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि गाठीचा किती भाग मेला ते ठरवतात. नव्वद टक्के किंवा अधिक मेला असेल तर प्रतिसाद चांगला. औषधं तीच, मात्रा शरीराच्या मापानं ठरवलेली, तरी एकाची गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली असते आणि दुसऱ्याची बरीच जिवंत. डीएनएतल्या ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनशी बंध जोडायचं प्लॅटिनमचं रसायन मात्र दोघांतही तेच. म्हणजे फरक त्या बंधाच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे: पेशीत औषध किती शिरलं, ग्लुटाथायोन या रेणूनं वाटेत किती अडवलं, आणि झालेली इजा पेशीनं किती दुरुस्त केली.

घट्ट बंधन म्हणजे चांगलं औषध, हे मत म्हणूनच मला मान्य नाही. इथिडियम ब्रोमाइड डीएनएला उत्तम बांधलं जातं. नवं संयुग त्याला डीएनएवरून हुसकावतं का, ही चाचणी तर प्रत्येक प्रबंधात असते. कर्करोगावर ते कुणी देत नाही. ट्रान्सप्लॅटिनमध्ये अणू तेच, तेही डीएनएला बांधलं जातं, पण औषध म्हणून निकामी. आणि सर्वांत मोठी विसंगती खुद्द सिसप्लॅटिनची. पेशीत क्लोराइड कमी असल्यानं त्याचे क्लोराइड सुटतात, पाणी जोडलं जातं, मग काही तासांत पक्का सहसंयुज बंध तयार होतो. हा तोल साधणारा, सुटणारा-जुळणारा बंध नव्हेच. प्रबंधांतल्या स्थिरांकांच्या तक्त्यात सिसप्लॅटिनला प्रामाणिकपणे एक आकडा देताच येणार नाही! ज्या मापात आदर्श औषधच बसत नाही, त्यानं बाकीच्यांना कसं जोखायचं?

 

माझ्या लेखी भेद एवढाच आहे: डीएनएला धरणं वेगळं, त्याला वाकवणं वेगळं. सिसप्लॅटिन शेजारच्या दोन ग्वानिनांना एकाच अणूनं बांधतं, त्यानं दुहेरी सर्पिल वाकतं, आणि पेशीतली प्रथिनं ते वाकण ओळखतात. ट्रान्सप्लॅटिनच्या भूमितीला हा शेजार साधत नाही. वृषणाच्या कर्करोगात सिसप्लॅटिन इतकं यशस्वी ठरतं, याचं एक कारण त्या पेशी अशा इजेची दुरुस्ती नीट करू शकत नाहीत, हे आहे. बंधन आवश्यक असेलही. ते पुरेसं मानणं ही आळशी समजूत आहे.

म्हणून स्थिरांकाशेजारी मला आणखी दोन रकाने हवेत: केंद्रकात प्रत्यक्ष किती धातू पोचला, आणि दुरुस्तीची यंत्रणा बंद पाडलेल्या पेशींत परिणाम वाढतो का. दुसरा अधिक मोलाचा. परिणाम वाढला नाही, तर त्या संयुगाचं लक्ष्य बहुधा डीएनए नाही. तसं निघालं म्हणून संयुग टाकून द्यायचं कारण नाही. ऑक्झालिप्लॅटिन डीएनएच्या इजेपेक्षा रायबोसोम घडवण्याचं काम बिघडवून पेशी मारतं, असं २०१७ च्या संशोधनातून पुढे आलं, तोवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते कितीतरी वर्षं दिलं जात होतं.