समष्टीचा आकडा आणि कांदाटीचे खोरे

दूरसंचाराच्या बाबतीत एखाद्या देशाची शेजारच्या मुलखाशी तुलना करावयाची झाली, म्हणजे दफ्तरांतून जो आकडा पुढे केला जातो तो बहुधा लोकसंख्येचा असतो, भूमीचा नसतो. या हिशेबात आपल्याला खाली मान घालण्याचे कारण नाही. श्रीलंकेत मोबाईल १९८९ साली आला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरचे पहिले संभाषण केले. आणि मागाहून निघालेल्या या देशाने आज आपली बहुतेक प्रजा टॉवरच्या टप्प्यात आणून ठेवली आहे.

परंतु समष्टीविषयी जे विधान खरे, ते व्यष्टीविषयी कितपत खरे मानावे, हा जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो. ईश्वर सर्वव्यापी आहे असे म्हणताना आपण एकाही वाडीचा अपवाद करीत नाही. शंभरांपैकी नव्व्याण्णव ठिकाणी असणाऱ्या ईश्वराला सर्वव्यापी म्हणण्यास कोणी भाविक धजणार नाही. राज्यसंस्थेला मात्र आपण ती सवलत बिनतक्रार देऊन टाकतो.

महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी विकणारा पैसे मोबाईलवरच घेतो. तेथून तापोळ्याच्या बाजूस उतरून कोयनेचा शिवसागर जलाशय लाँचने ओलांडावा आणि कांदाटी खोऱ्याच्या आत शिरावे, म्हणजे त्याच तालुक्यात रेंजचा भरवसा उरत नाही. लहरींना बव्हंशी सरळ वाट लागते आणि सह्याद्रीच्या सोंडा ती अडवितात. घरे थोडी म्हणून कंपनीला टॉवर परवडत नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीचे कागद फिरत राहतात. आणि वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस ओतणाऱ्या या डोंगरांत वीज गेली की असलेल्या टॉवरची बॅटरीही काही तासांत मान टाकते. अशा रात्री एखादी बाळंतीण अडली, तर घरातल्या कोणाला तरी फोन हातात धरून, एकेक काडी उमटते का ते पाहत, धारेवर चढावे लागते.

शहरातील कित्येक सज्जनांना ही शांतता हेवा करण्याजोगी वाटते. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की जवळची वस्तू दूर ठेवणे हे वैराग्य, आणि जी कधी मिळालीच नाही तिच्यावाचून राहणे हा निव्वळ अभाव. दुसऱ्याच्या अभावाला वैराग्याचे नाव देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय येथे ऋणाचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. कोयनेच्या धरणासाठी या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पांगली, जी मागे राहिली त्यांच्या जुन्या वाटा जलाशयाने तोडल्या. त्या पाण्यावरच्या १,९६० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाची वीज मात्र सगळ्या राज्याने वापरली. ज्यांच्यामुळे दूरच्या नगरांतील टॉवर तेवतात, त्यांना रेंज देणे हा दानधर्म नव्हे, थकलेली बाकी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये जाळ्याबाहेर राहिलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ही बाकी तत्त्वतः कबूल झालीच आहे.

तेव्हा सरकारने यापुढे व्याप्तीचा तक्ता प्रसिद्ध करताना टक्केवारीखाली राहून गेलेल्या प्रत्येक गावाचे आणि वाडीचे नाव तालुकावार छापावे. आरंभ सातारा जिल्ह्यापासून केला तरी चालेल.